दिलं किती, लागलं किती?

मी पालीचा. बीडजवळ बिंदुसरा धरण आहे, तेच आमचं गाव. धरणातून पाणी किती सोडलं ते दारावर कळतं. पाटाच्या शेवटच्या शेताला किती मिळालं, ते तिथं जाऊनच बघावं लागतं.

माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, थायरॉइडचा कर्करोग झाला. मुंबईत तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं, वेगळ्या खोलीत ठेवलं, लांबून मीटर धरून माप घेतलं. घरी सोडताना बजावलं, काही दिवस नातवाला जवळ घ्यायचं नाही. आपा म्हणाली, "दिया कितना वो तो लिखा है, लगा कितना?" मी बी.ए. झालेला कवी, काय सांगणार? मग वाचत गेलो.

मुंबईत रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं उरतं. आता ल्युटेशियम-१७७ आलंय. ते ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होतं. त्याची एक मोठी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली: ८ देश, ४१ केंद्रं, २२९ रुग्ण. औषध मिळालेल्यांना दर खेपेला सारखाच डोस, ७.४ गिगाबेकरेल. पण तो दारावरचा आकडा. गाठीला किती लागलं, मूत्रपिंडाला किती, हे माणसागणिक वेगळं. ते काढायला औषध दिल्यावर गॅमा कॅमेऱ्यानं पुन्हा पुन्हा फोटो घेतात, त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या, सातव्या.

आता केंद्रं अनेक, कॅमेरे अनेक. आमच्याकडे पूर्वी धान्य पायलीनं मोजत, आणि या गावची पायली त्या गावच्या पायलीशी जुळेलच असं नसे. म्हणून माणसाच्या धडासारखं प्लॅस्टिकचं भांडं पाण्यानं भरतात, त्यात नेमकं मोजलेलं किरणोत्सारी द्रव्य घालतात आणि प्रत्येक कॅमेरा ते किती दाखवतो ते पडताळतात. ही पायली जुळली नाही, तर एका शहरातला आकडा दुसऱ्या शहराच्या आकड्याशेजारी मांडण्यात अर्थ नाही. मूत्रपिंडाला किती सोसतं हे अशा आकड्यांवरूनच ठरायचं आहे, त्यामुळे हा नुसता हिशेबाचा घोळ नव्हे.

माझा जीव मात्र त्या चौथ्या दिवसापाशी अडकतो. फोटोसाठी मुंबईत थांबायचं म्हणजे खोलीभाडं, जेवण, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. चाचणीत बीडचा माणूस हवा असेल, तर हा खर्च चाचणीनंच धरायला हवा. नाहीतर त्याचा पहिला फोटो निघेल आणि पुढच्या फोटोंच्या वेळी तो एस.टी.त बसलेला असेल.

आपा आठवड्यात गावी आली. नातू उंबऱ्याबाहेरून हाका मारायचा, आणि ती खाटेवरून बोट दाखवून विचारायची, "इत्ते लंबे से चलेगा क्या?"