गप्पीचीं पिल्लें

गिरगांवांतील खोताच्या वाडीच्या लाकडी व्हरांड्यांत कांचेच्या एका पेटीपुरती जागा सहज निघते, आणि गप्पी माशास तेवढी पुरे होते. हा मासा मूळचा त्रिनिदाद बेटाचा व त्यालगतच्या दक्षिण अमेरिकेचा. त्याची मादी सुमारें चार आठवडे गर्भ वागवून पोहतीं पिल्लेंच प्रसवते. एका समागमानंतर कित्येक महिने, नर जवळ नसतांही, ती वीत राहते.

परंतु सायंकाळीं तीस मोजलेलीं पिल्लें सकाळीं तीनच उरावीं, असा अनुभव नवशिक्यास येतो. आईनेंच तीं गिळलेलीं असतात. तिला क्रूर म्हणणें व्यर्थ. हलणारा बारीक जीव तिला अन्नच वाटतो. म्हणून तिच्या पोटाच्या मागील टोंकाचा डाग गडद होतांच पेटींत पाणवनस्पती दाट सोडाव्या, व वीण झाल्यावर आईस निराळें ठेवावें. पिल्लांस उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यांतून गाळून, अगदीं थोडा, दिवसांतून तीन-चार वेळां द्यावा. उरलेलें अन्न कुजून पाणी नासतें व पिल्लें दगावतात.

मग वाढलेल्या माशांचें काय करावें? गप्पी डांसांच्या अळ्या खातो, म्हणून मुंबईची महानगरपालिका तो साठलेल्या पाण्यांत सोडते. तरी गृहस्थानें आपले मासे ओढ्यांत वा तळ्यांत सोडूं नयेत. तेथील देशी माशांच्या अन्नावर व पिल्लांवर त्यामुळें संकट येतें. नर-मादी महिन्याभरांत ओळखूं येतात. तेव्हांच तीं वेगळीं करावीं, म्हणजे पेटीपुरतेच मासे राहतील.