संपाची टाकी : आयती कीं घरीं केलेली?

आमच्या भोंगवलीपासून समुद्र दूर. तरी नातवानें घरांत खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली. मासे तेवढे, आपल्या समुद्रांतील दगडी प्रवाळ काढणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं गुन्हा आहे. पेटीखालच्या टाकीस ‘संप’ म्हणतात (हा संप गिरणीकामगारांचा नव्हे!). वरून सांडलेलें पाणी तींत गाळलें जातें. पंप तें पुन्हा वर चढवितो.

आम्हीं काच कापून आणली, घरींच सिलिकोननें टाकी जोडली. एके रात्रीं वीज गेली आणि सकाळीं माजघरांत खारें तळें! सांधे शाबूत होते. चुकला होता हिशेब. परतीच्या नळीचें तोंड पाण्यांत बुडालेलें, म्हणून पंप थांबतांच ती उलटी ओढूं लागली. पेटी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. पाणी ३ सेंटिमीटर उतरलें कीं १६ लिटरांहून अधिक खालीं येतें. तेवढी जागा टाकींत रिकामी हवी.

आयत्या टाकीचे सांधे नीटस असतात खरे, पण तिचें माप आपल्या कपाटाचें नसतें. म्हणून दुसरीहि आम्हीं घरींच केली, अधिक उंच. आठवडाभर अंगणांत गोडें पाणी भरून ठेविली, मग जागेवर बसवून मुद्दाम पंप बंद केला. पाणी काठाखालीं चार बोटें थांबलें.