वेळासचे राखणदार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी सावर्ड्याला राहतो. चिपळूण तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं हे गाव. कोकणात राहतो म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, याच्या अंगणात लाटा येत असतील. आमच्या गावातून समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. ऐकू येते ती रेल्वे. मासळीवाली टोपली घेऊन दारात आली म्हणजे समुद्र कुठंतरी आहे आणि अजून जागेवर आहे, एवढी खात्री पटते. तेव्हा समुद्राच्या आणि किनाऱ्याच्या रक्षणावर मी बोलणं म्हणजे जरा आगाऊपणाच. त्यातून शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. पण या विषयात माझा एक जुना हिशेब आहे. तो सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं खरं होणार नाही.

माझं आजोळ बाणकोटचं. सावित्री नदी समुद्राला मिळते तिथलं गाव. पलीकडे रायगड जिल्हा, अलीकडे आमचा रत्नागिरी. मामू जहाजावर खलाशी होता. सुटीवर घरी आला की त्याला घरात करमत नसे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, म्हणजे १९७९-८०ची गोष्ट. थंडीच्या दिवसांत घरात लग्न होतं, म्हणून शाळा बुडवून आम्ही गेलो होतो. एका रात्री मामूनं मला हलवून उठवलं. हातात बॅटरी, खांद्याला पिशवी आणि एक लोखंडी सळई. शेजारच्या वेळासच्या पुळणीवर आम्ही चालत गेलो.

तिथं मी पहिल्यांदा कासवाची वाट पाहिली. ओल्या वाळूवर पाण्यापासून वर सुरूच्या बनाकडे गेलेला दीड-दोन फूट रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना वल्ही मारल्यासारख्या खुणा. असाच दुसरा पट्टा पाण्याकडे परत गेलेला. मामू म्हणाला, "गेली. आत्ताच गेली." मग तो वाळूत सळई खुपसू लागला. वाळू घट्ट असेल तर सळई अडते. एका जागी ती लोण्यात जावी तशी गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला पिवळा बलक लागला होता. हातानं वाळू उपसली, तर आत मडक्याच्या आकाराचा खड्डा आणि त्यात पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी, मऊ कवचाची अंडी. मी मोजत होतो, मामू पिशवीत भरत होता. एकशे अठरा झाली. त्या वयात एवढे आकडे मोजता आले याचाच मला अभिमान.

नानीनं ती पिशवी घरात येऊ दिली नाही. आमच्याकडे कासवाची अंडी खात नसत. पण मामूनं ती विकली, आणि त्यातले आठ आणे मला मिळाले. घेणारे कोण होते? सगळेच होते. देवळात शिरताना गाभाऱ्यापुढच्या दगडी कासवाला हात लावून तो हात कपाळाला लावणारेही होते. खाण्याला आमची मनाई, विकण्याला नाही. त्यांची पूजा दगडाच्या कासवाला, अंडी खऱ्याची. या बाबतीत गावात पूर्ण एकोपा होता, असं म्हणायला हरकत नाही.

गंमत अशी की तेव्हाही हा गुन्हाच होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे समुद्री कासव पुढे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला जाऊन बसलं. मात्र ही बातमी मामूपर्यंत कोणी आणली नव्हती.

पुढे कॉलेजात असताना मी त्या रात्रीवर एक कविता लिहिली. अंडी घालताना कासवीण रडते, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, हे मी ऐकलं होतं. तेवढं कवीला पुरतं. कविता छापून आली आणि एका जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी मला गाठून सांगितलं, की ते अश्रू नव्हेत. समुद्राचं खारं पाणी पोटात जातं, त्यातलं जादा मीठ ती डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. पाण्यात असतानाही टाकतच असते, आपल्याला दिसत नाही एवढंच. मी खजील झालो. ती कविता संग्रहात घेतली नाही. आता वाटतं, कवितेत खोट होती ती मिठाची नव्हती. मी कासविणीला रडवलं होतं, पण सळई आणि आठ आणे कवितेत कुठंच नव्हते.

आता मूळ विषयाकडे येतो. आमच्या चिपळूणला 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था आहे. १९९२ साली सुरू झालेली, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांनी उभी केलेली. ही मंडळी समुद्र गरुडांची घरटी मोजत किनाऱ्यानं फिरत होती. वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात खडकाळ बेटं आहेत, वेंगुर्ला रॉक्स म्हणतात त्यांना. तिथल्या गुहांतून पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी बांधतात. परदेशात त्या घरट्यांचं सूप करून पितात, म्हणून घरटी चोरून नेली जात. ती चोरी उघडकीला आणून थांबवण्याचं काम याच लोकांनी केलं. होडीतून उतरायची धड जागा नाही अशा बेटावर पाखराच्या थुंकीची राखण करायला जाणारी माणसं आपल्या तालुक्यात आहेत, हे मला पेपरातून कळलं आणि मी चाट पडलो.

गरुडांच्या त्याच शोधात २००२ साली ते वेळासला पोचले आणि वाळूत त्यांना अंड्यांची टरफलं दिसली. कोकणच्या किनाऱ्यावर कासवं येतात हे तिथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. मात्र त्यांना वाचवायचं असतं, हे तिथं कुणी बोलत नव्हतं. त्या पहिल्या हंगामात पन्नास घरटी राखली गेली आणि अडीच हजारांवर पिल्लं समुद्रात गेली.

ही राखण कशी करतात, ते सांगतो. ऑलिव्ह रिडले जातीची ही कासवीण साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते. मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि मग आपल्या अंगानं ती वाळू धोपटून बसवते. झालं. ती निघून जाते आणि मागे वळून पाहत नाही. राखणदार पहाटेच्या आत तिची वाट शोधून घरटं गाठतो. अंडी थोड्या तासांच्या आत हलवावी लागतात आणि हलवताना उलटीपालटी होऊ द्यायची नाहीत, नाहीतर आतला जीव मरतो. किनाऱ्यावरच भरतीच्या रेषेच्या वर जाळ्यानं कुंपण घातलेली जागा असते. तिथं मुळाइतकाच खोल, त्याच मडक्याच्या आकाराचा खड्डा करून अंडी पुन्हा पुरायची आणि तारीख लिहून पाटी लावायची. दीड-दोन महिने वाळूची ऊब त्यांना उबवते. वाळू जास्त गरम तर माद्या जास्त, थंड तर नर जास्त. फारच तापली तर काहीच नाही. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात.

हे ऐकताना तुमच्या लक्षात आलं असेल, की या कामाला सर्वांत आधी काय लागतं. वाट ओळखता यावी लागते. कासवीण नुसतीच फिरून गेली की अंडी घालून गेली, हे वाळू बघून सांगता यावं लागतं. ही विद्या कुठल्या विद्यापीठात शिकवत नाहीत. ती होती सळईवाल्यांकडे. वेळासला जे झालं, त्याचा सगळा अर्थ मला यात दिसतो. संस्थेनं पोलीस आणले नाहीत. जे अंडी काढत होते त्यांच्या दारात जाऊन ते बसले, बोलले आणि त्याच डोळ्यांना राखणीचं काम दिलं. अशा माणसाला आता कासवमित्र म्हणतात.

२००६ पासून तिथं कासव महोत्सव सुरू झाला. लोक पिल्लं बघायला येतात, गावातल्या घरांत उतरतात, केळीच्या पानावर जेवतात. पाहुण्यांचे पैसे त्या घरांत जातात. अंड्यांपेक्षा पिल्लाला जास्त भाव आला, असं कुणी म्हणालं तर मी नाक मुरडणार नाही. पोटाचा प्रश्न सोडवल्याशिवाय निसर्गाची व्याख्यानं गावाच्या गळी उतरत नाहीत. महोत्सवाची गर्दी मात्र मला थोडी बोचते. मोबाइलचे दिवे, पिल्लाच्या अगदी नाकासमोर येणारे कॅमेरे, वाळूत राहिलेल्या बाटल्या. पिल्लू उजेडाच्या दिशेनं जातं हो! समुद्रावरचा उजेड तेवढा त्याला ठाऊक असतो.

२००८च्या मार्चमध्ये मी मामूला तिथं घेऊन गेलो. तो सत्तरीच्या पुढे गेला होता. येण्याआधी दोनदा नाही म्हणाला. गेल्यावर गर्दीच्या मागं उभा राहिला, टोपी नीट करत. टोपली उचलली, तर आत काळीभोर, तळहाताएवढीही नसलेली पिल्लं एकमेकांवर चढत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाण्यापासून थोड्या अंतरावर त्यांना वाळूवर सोडलं, हातात धरून पाण्यात नाही. ती वाळू त्यांनी चालूनच जायला हवी, म्हणतात. पहिल्या लाटेनं त्यांना परत मागं फेकलं, दुसरीनं नेलं.

सगळे पांगल्यावर मामू कासवमित्राजवळ गेला आणि त्याच्या खड्ड्यांबद्दल विचारू लागला. तो बिचारा सांगत होता. मामूनं मध्येच दोन्ही हातांनी हवेत मडकं काढून दाखवलं, "गळा असा लहान असतो, पोट असं मोठं. तुम्ही वरनं रुंद करता काय?" त्या माणसानं त्याच्याकडे जरा बघितलं आणि विचारलं, "चाचा, तुम्ही पण काढायचात?" मामू म्हणाला, "काढायचो." तो म्हणाला, "आमचे बाबा पण." यापलीकडे दोघं त्यावर बोलले नाहीत. मग खड्ड्याच्या गळ्यावर बराच वेळ बोलत राहिले.

परत येताना गाडीत मामूनं विचारलं, "मी किती काढली असतील रे?" मी हिशेब केला नाही. सांगतात की हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं, म्हणजे आकडा तसा लहानच येईल, असं म्हणून मी त्याची समजूत घालू शकलो असतो. मला ते जमलं नाही. आता मामू नाही. त्याची सळई माझ्याकडे सावर्ड्याला आहे. परसात वालीचा वेल चढवायला लावली आहे.

पुढे राखणीची ही जबाबदारी वनखात्यानं घेतली. राज्य सरकारनं २०१५ साली कांदळवन प्रतिष्ठान स्थापन केलं, आणि वाघ-बिबट्यांच्या पलीकडे खाडी, कांदळ आणि समुद्रही सरकारी कागदावर नीट आला. मासेमारीच्या जाळ्यात कासव अडकलं तर जाळं कापून ते सोडणाऱ्याला नुकसानभरपाई देण्याची योजना आहे. ही मला फार शहाणपणाची वाटते. कासवाला श्वास घ्यायला पाण्याबाहेर डोकं काढावं लागतं; जाळ्यात ते बुडून मरतं. पण जाळं म्हणजे कोळ्याचं घर चालवणारी वस्तू. ते काप असं नुसतं सांगणं सोपं आहे.

२०२२च्या जानेवारीत याच प्रतिष्ठाननं आणि भारतीय वन्यजीव संस्थेनं वेळासच्या एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र चिकटवलं. नाव ठेवलं प्रथमा. ती गुजरातच्या समुद्रापर्यंत जाऊन आली. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि २०२५च्या जानेवारीत गुहागरला एक कासवीण अंडी घालायला आली, तिच्या अंगावर २०२१ साली ओडिशात लावलेला बिल्ला होता. पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी असं आपण धरून चाललो होतो. माझ्यासारख्या, दोन भाषांच्या मधोमध घर असलेल्या माणसाला ही बातमी ऐकून फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. रात्र-रात्र किनारा चालणाऱ्या कासवमित्राला जे मानधन मिळतं, ते त्याच्या कामाच्या मानानं तोकडं आहे, असं माझं मत आहे. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, घरांची छपरं गेली, सुरूची झाडं आडवी झाली. त्यानंतरच्या हंगामातही ही माणसं पुळणीवर होतीच. आणि आमच्या सावर्ड्याचं काय विचाराल, तर आमच्याकडच्या नदीत पावसाळ्याच्या पहिल्या पुरात वर्षभराच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वाहून जातात. त्या कुठं जातात हे आम्हाला दिसत नाही, कारण मघाशी म्हटलं तसं, आमच्या गावातून समुद्र दिसत नाही.

गेल्या फेब्रुवारीत नातीला घेऊन वेळासला गेलो होतो. संध्याकाळी टोपली उचलली, आत वाळू. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गेलो, पुन्हा वाळू. नात हिरमुसली. कासवमित्र म्हणाला, "दादा, संध्याकाळपर्यंत थांबा. वाळू जरा खचलीय मधोमध, आज येतील." पण तिची सोमवारची शाळा होती. आम्ही निघालो. मंडणगडच्या एसटी स्टँडवर चहा घेत होतो तेव्हा त्याचा फोन आला, त्रेसष्ट आली म्हणून. नातीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला विचारलं, "काका, सगळी गेली का, की एखादं आहे अजून?"