कार्ड का नाकारलं जातं?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये केलेलं भाषण)



बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाचं कार्ड नाकारलं गेलं, हे मी आज प्रथमच चारचौघांत सांगतोय. गेल्या पावसाळ्यात सौ.ला रात्री अकराला ॲडमिट करावं लागलं. डिपॉझिट चाळीस हजार. खात्यात पैसे होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, डिक्लाइन होतंय." पुन्हा केलं, पुन्हा तेच. मागे रांग. शेवटी सोबत आलेल्या बी विंगमधल्या तरुणाने आपल्या फोनवरून पैसे भरले. सौ. आत, आणि मी हातात कार्ड घेऊन उभा.

कारण दुसऱ्या दिवशी सापडलं. फसवणुकीच्या बातम्या वाचून मीच ॲपमध्ये रोजची मर्यादा दहा हजार करून ठेवली होती, आणि विसरलो होतो!

कार्ड मशीनला लावलं की विचारणा दुकानदाराच्या बँकेकडून रुपे किंवा व्हिसाच्या जाळ्यातून आपल्या बँकेकडे जाते. हो-नाही बहुतेक वेळा आपलीच बँक ठरवते, त्यामुळे दुकानदाराशी वाद घालून उपयोग नाही. उत्तर आकड्यात येतं. 51 म्हणजे शिल्लक अपुरी, 54 म्हणजे कार्डाची मुदत संपली, 55 म्हणजे पिन चुकला, 61 म्हणजे मर्यादा ओलांडली. सगळ्यांत वैतागवाणा 05, म्हणजे कारण न सांगता नकार. जुन्या मंडळींना 'रेफर टू ड्रॉअर' शेरा घेऊन परत आलेले चेक आठवतील, तसंच हे. मीही तसे शेरे मारलेत. समोरच्याला काय वाटत असेल, ते त्या रात्री कळलं.

आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. ऑनलाइन, परदेशातला वापर किंवा नुसतं टेकवून पैसे देणं आपणच सुरू करायचं. टेकवून दिले तरी पाच हजारांवर पिन लागतोच. दुकानात व्यवहार फसला आणि खात्यातून पैसे मात्र गेले, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला शंभर रुपये द्यायचे. हे मागायला लाजू नका.

त्या मुलाला चाळीस हजारांचा चेक दिला, तर तो चेक उलटसुलट करून बघत म्हणाला, "काका, हा भरायचा कुठे असतो?"