चोपडींतील एक ओळ
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत झालेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं आपल्या मंदिराच्या बांधणीविषयीं आपण पुष्कळ ऐकलें. मी मात्र आपलें लक्ष कार्यालयाच्या कपाटांतील जीर्ण चोपड्यांकडे वेधूं इच्छितों. त्यांची योग्यता इंग्लंडांतील एका उदाहरणानें सांगतों.

प्रत्येक धर्मग्रामांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी, अशी आज्ञा तेथें टॉमस क्रॉमवेल यानें 1538 सालीं काढली. आपल्या ख्रिस्तसभेंत विवाहाची चोपडी ठेवण्याचें बंधन त्रेंतच्या धर्मपरिषदेनें 1563 सालीं घातलें. राजेरजवाड्यांचीं चरित्रें लिहिणारे पुष्कळ. शेतमजुराच्या मुलीचें चरित्र या चोपड्यांवांचून कोण लिहिणार?

अशी एक मुलगी 1820 सालीं जन्मली असें समजूं. तिला मेरी म्हणूं. बाप्तिस्म्याच्या छापील नोंदींत तिचें व आईबापांचें नांव, राहण्याचें ठिकाण आणि बापाचा धंदा सांपडेल. आईचें माहेरचें आडनांव विचारणारें घरच त्यांत नाहीं. 1841 च्या खानेसुमारींत ती परक्या घरीं मोलकरीण आहे. वय एकवीस असतां लिहिलें आहे वीस. कारण त्या वर्षीं मोठ्या माणसांचीं वयें पांचाच्या पटींत उतरवून लिहीत. पुढल्या वर्षीं विवाह झाला. सहीच्या जागीं एक फुली आहे; तिच्या हातची एवढीच खूण जगांत उरली. येथें आडनांव बदलतें. ही नोंद हरवली तर शोधणाऱ्याच्या हातून मेरी निसटलीच.

1851 च्या खानेसुमारींत वय, कुटुंबप्रमुखाशीं नातें व जन्मगांव हीं सर्व येतात. परंतु मेरीच्या धंद्याचें घर कोरें आहे. मुलांचें सर्व करून सुगींत शेतावर राबणारी स्त्री सरकारच्या लेखीं कांहींच करीत नव्हती! तिचें एक मूल 1853 सालीं जन्मून 1855 सालीं गेलें. दहा वर्षांनीं होणाऱ्या खानेसुमारीला तें ठाऊकच नाहीं. धर्मग्रामाच्या चोपडींत मात्र त्याचा बाप्तिस्माही आहे व दफनही. 1871 सालीं मेरी विधवा, कुटुंबप्रमुख व धोबीण आहे. नवरा गेल्यावर तिचे कष्ट पुन्हा कागदावर आले.

1911 सालीं सरकारनें विवाहित स्त्रियांस विचारलें: मुलें किती झालीं, किती जगलीं, किती गेलीं? विधवांस हा प्रश्न नव्हता. तरी कित्येक विधवांनीं उत्तर दिलें. कारकुनांनीं त्यावर रेघा ओढल्या. पण त्या रेघांखालील आंकडे आजही वाचतां येतात. आईनें आपल्या मुलांचा हिशेब कोणी विचारण्याची वाट पाहिली नाहीं.

इंग्लंडांतील आपल्या धर्मबंधूंची कथा याहून बिकट. छळाच्या काळांत नोंद ठेवणेंच धोक्याचें होतें, म्हणून जुन्या कॅथॉलिक चोपड्या थोड्याच आहेत. 1754 पासून 1837 पर्यंत तर कायदेशीर विवाहासाठीं कॅथॉलिकांनाही आंग्लिकन देवळांत जावें लागे. त्यामुळें कित्येक श्रद्धावंत स्त्रियांचा माग परक्यांच्या चोपडींतच लागतो.

आतां माझा अपराध सांगतों. गेल्या वर्षीं एक वृद्ध भगिनी आपल्या आजीचें नांव शोधीत आली. मृत्यूच्या चोपडींत ओळ सांपडली. तींत ‘अमक्याची विधवा’ एवढेंच होतें. मागल्या धर्मगुरूंस मी मनांत दोष दिला. मग माझ्याच हातच्या नोंदी पाहिल्या, आणि घाईंत लिहिलेल्या तशाच दोन ओळी मला आढळल्या. बाप्तिस्म्याच्या वेळीं जिला आपण नांवानें हांक मारली, तिला निरोप देतांना तें नांव मीच विसरलों.

तेव्हां या महोत्सवाच्या वर्षीं माझें एक मागणें आहे. आपल्या आईचें, आजीचें नांव, माहेरचें आडनांव व जन्मगांव लिहून कार्यालयांत आणून द्या. ज्या ओळी अपुऱ्या आहेत, त्यांची पूर्तता स्वतंत्र वहींत करूं. परमेश्वरास प्रत्येकीचें नांव ठाऊक आहेच. तें आपणांसही ठाऊक असावें.