बांधकामातील वाद आणि वेळेवर केलेली नोंद



शासकीय बांधकामाची जबाबदारी नव्याने स्वीकारणारे तरुण अभियंते आणि लहान कंत्राटदार यांच्याशी आज एका व्यावहारिक प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे. पूल, बंधारा किंवा शाळेची इमारत म्हटली की आपण सिमेंट, पोलाद आणि खडी यांचा हिशेब मांडतो. परंतु काम पुष्कळदा अडते ते कागदावर. कंत्राटदार दावा दाखल करतो, खाते तो नाकारते आणि प्रकरण लवादाकडे व तेथून न्यायालयात जाते. तोवर कंत्राटदाराचे भांडवल अडकून पडते, मजुरांची मजुरी थकते आणि ज्या गावासाठी पूल मंजूर झाला, ते गाव पावसाळ्यात पूर्वीसारखेच नदीपलीकडे अडकून राहते.

बहुतेक वादांची कारणे ठरावीक असतात. जागेचा ताबा उशिरा मिळणे, नकाशे वेळेवर न येणे, निविदेबाहेरचे जादा काम आणि पायाखाली निघालेला अनपेक्षित खडक ही त्यांतील प्रमुख होत. यांपैकी शेवटचे कारण आपल्या परिचयाचे आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. वर मुरूम, त्याखाली मऊ खडक, त्याखाली कठीण खडक. आणि प्रत्येकाच्या खोदाईचा दर निराळा. कठीण खडक कोणत्या पातळीवर लागला, याचे मोजमाप पाया उघडा असतानाच दोन्ही पक्षांनी मिळून घ्यावयास हवे. एकदा काँक्रीट पडले की तो पुरावा कायमचा झाकला जातो. पुढे लवादासमोर दोन्ही बाजू शपथेवर बोलतात. पण खडक काही साक्षीला येत नाही! तेथे बोलते ती मोजमाप पुस्तिका.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ५५ नुसार, मुदत हा कराराचा गाभा असताना उशिराने झालेली पूर्तता ज्याने स्वीकारली, त्याने भरपाई मागण्याचा इरादा त्याच वेळी कळविला पाहिजे; एरवी ती पुढे मागता येत नाही. कलम ७३ प्रमाणे भरपाई मिळते ती करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेल्या नुकसानीची. दूरान्वयाने झालेल्या हानीची नव्हे. दंडाची तरतूद आहे म्हणून खात्यालाही सर्व रक्कम आपोआप कापून घेता येत नाही. कलम ७४ त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच देते. म्हणजे नोंदीची गरज उभयपक्षी आहे.

मुदतीचे भानही हवे. केलेल्या कामाच्या मोबदल्याच्या दाव्यास १९६३ च्या मुदत कायद्यानुसार साधारणतः ३ वर्षांची मुदत आहे. नुसती स्मरणपत्रे धाडीत राहिल्याने ती वाढत नाही. देणे असल्याची सहीनिशी लेखी कबुली मुदतीच्या आत मिळाली, तर मात्र मुदत नव्याने मोजली जाते.

लवादाची पद्धतही बदलली आहे. १९४० च्या कायद्याची जागा १९९६ च्या लवाद व सामोपचार कायद्याने घेतली. २०१५ च्या दुरुस्तीने निवाड्यास कालमर्यादा आली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर देशांतर्गत प्रकरणांत ती उभय पक्षांची कैफियत पूर्ण झाल्यापासून १२ महिने आहे. दोघांच्या संमतीने ती ६ महिने वाढते, त्यापुढे न्यायालयच वाढवू शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, सार्वजनिक आणि खाजगी पक्षांमधील करारात एकाच पक्षाने एकमेव लवाद नेमण्याची तरतूद समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविली. न्याय देणारा तटस्थ असला पाहिजे, हा त्याचा मथितार्थ होय.

तथापि उत्तम लवादही नसलेला पुरावा निर्माण करू शकत नाही. यास्तव कंत्राटदारांनी जादा कामाचा तोंडी आदेश त्याच दिवशी पत्राने नोंदवून पोच घ्यावी. मुदतवाढीचा अर्ज अडथळा आला तेव्हाच करावा. कामाची दैनंदिनी, मजुरांची हजेरी आणि दिनांकित छायाचित्रे जपून ठेवावीत. अभियंत्यांनीही आलेल्या पत्रास कारणांसह वेळेवर उत्तर द्यावे. रास्त दावा मान्य करणे हा कमीपणा नव्हे, आणि अवास्तव दावा पुराव्यानिशी नाकारणे हे वैर नव्हे.

पैसा जनतेचा आहे आणि श्रमही जनतेचेच आहेत. दोहोंचा हिशेब कामाच्या जागेवर, कामाच्या दिवशीच चोख लिहिला गेला, तर अनेक वाद न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोहोचणारच नाहीत.