पॉज बटण दाबा, मग इतिहास दिसतो

आजचा प्रश्न असा आहे: अमेरिकेतली गुलामी, वंशभेद आणि स्थलांतर हा सगळा इतिहास डॉक्युमेंटरी दाखवून शिकवता येतो का? मी इतिहासाचा शिक्षक नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण महिन्यातल्या एका रविवारी सोसायटीतली नववी-दहावीची मुलं आणि मी मिळून डॉक्युमेंटरी बघतो. त्यातून जे जमलंय, ते सांगतो.

"पण याचा आपल्याशी काय संबंध?" असं कुणी विचारेल. संबंध जुना आहे. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, जे तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटले. तेव्हा तिथली गुलामी कायद्याने संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती.

आता तो कायदा बघू. त्यासाठी मी 'थर्टीन्थ' वापरतो. एव्हा डुव्हर्ने यांची २०१६ सालची डॉक्युमेंटरी. अख्खी दाखवत नाही. दहा मिनिटं दाखवतो आणि पॉज. मग १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीतला मुद्दा मराठीत बोर्डावर लिहितो: गुलामी आणि सक्तीची मजुरी बंद, अपवाद फक्त गुन्ह्याच्या शिक्षेचा. आणि मुलांना विचारतो, समजा तुम्ही दक्षिणेतले मळेवाले आहात, फुकटचे मजूर हातचे गेलेत. या वाक्यात तुम्हाला फट कुठे दिसते?

मुलांना ती पटकन सापडते. माणसाला गुन्हेगार ठरवा, की झालं! आणि तसंच घडलं. कामधंद्याशिवाय फिरणं हाच गुन्हा ठरला, काळ्या माणसांना पकडलं गेलं आणि कैदी म्हणून खाणींना, मळ्यांना, रेल्वेच्या कामाला भाड्याने दिलं गेलं. हे मी आधीच सांगून टाकलं असतं, तर मुलांनी नुसतं ऐकून घेतलं असतं. स्वतः शोधल्यावर ते विसरत नाहीत.

दुसरी पायरी. तोच तुकडा आवाज बंद करून पुन्हा दाखवायचा. संगीत गेलं की कळतं, आपल्याला राग नेमका कुठे आला आणि तो कुणी आणला. 'थर्टीन्थ' त्या अपवादापासून आजच्या तुरुंगांपर्यंत एक सरळ रेघ ओढते. तो दिग्दर्शिकेचा युक्तिवाद आहे. पुरावा कुठला आणि युक्तिवाद कुठला, हे मुलांना वेगळं करता आलं पाहिजे. रोज रील्स बघणाऱ्या पिढीला हे शिकणं फार गरजेचं आहे.

आता स्थलांतर. 'रेस: द पॉवर ऑफ अॅन इल्यूजन' ही २००३ सालची तीन भागांची मालिका आहे. तिचा तिसरा भाग घ्या. १७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्या माणसाला नागरिकत्व मिळायचं. १८७० नंतर त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. पण गोरा म्हणजे कोण? १९२२ मध्ये ताकाओ ओझावा हे जपानी गृहस्थ सुप्रीम कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, गोरा म्हणजे कॉकेशियन, तुम्ही तसे नाही. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंड यांचा खटला आला. पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. तेव्हाचे मानववंशशास्त्रज्ञ भारतीयांना कॉकेशियन म्हणत.

इथे पॉज करा आणि मुलांना निकाल द्यायला सांगा. बहुतेक जण म्हणतात, थिंड जिंकणार. मग पुढचं दाखवा. कोर्ट म्हणालं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्तीही एकच! त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या कित्येक भारतीयांचंही ते काढून घेतलं गेलं.

यातली एक गोष्ट आपल्याला टोचायला हवी. थिंड यांच्या बाजूने कोर्टात उच्च जातीचा, आर्य रक्ताचा दाखला दिला गेला होता. म्हणजे वंशाची भिंत पाडा असं कुणी म्हणत नव्हतं. आम्हाला भिंतीच्या आत घ्या, एवढंच मागणं होतं. याच ठिकाणी मुलं एकदम गप्प होतात, कारण जात काय असते ते त्यांना अमेरिकेवरून शिकावं लागत नाही.

आणि शेवटचा धागा. आशियाई लोकांना जवळपास बंद असलेलं दार खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने. काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने वातावरण बदललं नसतं, तर तो कायदा तेव्हा होणं अवघड होतं. आज माझे अर्धे बॅचमेट तिथे आहेत, बाकीचे व्हिसाच्या रांगेत. ती रांग कुणाच्या लढ्यामुळे सुरू झाली, हे त्यांना माहीत असायला हवं.

तर या रविवारी एवढंच करा. एक डॉक्युमेंटरी, वीस मिनिटं, चार मुलं. निकालाच्या आधी पॉज दाबा आणि मुलं काय म्हणतात ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!